न घेतलेले आठ उंदीर

प्रिय ताई,

परवा दादाचा फोन आला होता. या महिनाअखेरीस तू आईची औषधाची खोली बंद करणार, कपाट कुणाला तरी देऊन टाकणार आणि कुंपण काढून तिथे भिंत घालणार, असं त्यानं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, "ती म्हणते, माझ्या हाताला गुण नाही, मग लोकांना कशाला आशेला लावू?" आता हे पत्र हातात पडल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असणार, दोन वर्षांनी या बयेला आज कुठून पुळका आला म्हणून. पडू दे आठी. पण पत्र शेवटपर्यंत वाच आणि तोवर कुंपणाला कुणालाही हात लावू देऊ नकोस. तसे हुकूम मी लहानपणापासून सोडत आले आणि तू ते कधीच पाळले नाहीस, पण हा एक पाळ.

तुझ्या हाताला गुण नाही हे साफ खोटं आहे. बहीण म्हणून तुझी समजूत घालायला मी हे लिहीत नाहीये. समजूत घालण्यात मी किती नालायक आहे ते तू मागच्या वेळी पाहिलंसच. हे मी मोजून सांगतेय. बत्तीस उंदीर, एकवीस दिवस, प्रत्येकाच्या सुजलेल्या पंजाचं रोजचं माप. आणि एवढ्यावर न थांबता दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून सगळं पुन्हा एकदा करून घेतलं. तिचंही उत्तर तेच आलं. तेव्हा माझ्याशी भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण चौसष्ट उंदरांशी भांडून तू जिंकणार नाहीस.

आधी थोडं मागे जाते. आईचं औषध आठवतं ना, म्हणजे आठवतं कसलं, आपल्या हातांना अजून त्याचा वास येत असेल. पांढऱ्या मुळीची पूड, आणि ती कालवायला कुंपणावरच्या वेलाचा रस. मुळी आणायला टेकडीवर जायचं, खडकाच्या कपारीतून कुदळीनं उकरून काढायची, आणि ते काम माझ्याकडे. मी धाकटी असून आई मला बरोबर न्यायची याचा मला कोण अभिमान! तू घरी बसून रोज सकाळी पाला पिळायचीस. हिरवेगार हात, नखांत पाला, आणि त्या कडू वासानं तुला जेवण जायचं नाही. मी तुला पाला-बाई म्हणून चिडवायचे. मुळी म्हणजे खरं औषध आणि वेल म्हणजे उगाच आपलं गवत, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं. आईनं तसं कधी सांगितलं नव्हतं. पण जे डोंगरावरून आणावं लागतं त्याला मान, आणि जे दारात उगवतं त्याला कोण विचारतो! पिकतं तिथे विकत नाही, ते असं.

पुढे आईचीच बोटं आखडली. जन्मभर दुसऱ्यांचे सांधे बरे करणाऱ्या बाईला स्वतःचं लुगडं नेसता येईना. खोली तू सांभाळायला घेतलीस. सकाळपासून माणसं यायची, कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट, आणि तू पहाटे उठून टोपलीभर पाला पिळायचीस. त्याच सुमाराला मला इथे नोकरी लागली होती. पांढरा कोट, छातीवर माझ्या नावाची पाटी, आणि डोक्यात नवीन विद्येची हवा. एका सकाळी तुझा फोन आला. मनगटं भरून येतात गं, हा रस पिळलाच पाहिजे का, असं तू विचारलंस. मी तेव्हा पिंजऱ्यांच्या याद्या करत होते. मान वर न करता मी सांगून टाकलं की रस म्हणजे नुसतं अनुपान, पूड घशाखाली उतरायची सोय, औषध मुळीत आहे, कोमट पाण्यात देत जा. दोन मिनिटांचा फोन. तू "बरं" म्हणालीस आणि ठेवलास. तुझ्या मनगटांना आराम मिळाला म्हणून मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

वर्षभरात माणसं कमी झाली. जी येत ती सांगत, तुमच्या आईच्या हातचं घेतलं की आठ दिवसांत फरक पडायचा, आता नाही पडत. आईचीही सूज वाढत चालली होती. एक दिवस तिनंच तुला तोंडावर म्हटलं की तुझ्या हाताला गुण नाही. बाहेरच्यांनी म्हटलं असतं तर तू पदर झटकून कामाला लागली असतीस. आईनं म्हटलं ते तू गिळलंस आणि मग ते खाली उतरलंच नाही.

त्यानंतर तू माझ्याकडे आलीस ते मला लख्ख आठवतंय. हातात मुळीच्या पुडीचा डबा आणि ओल्या फडक्यात बांधलेला पाला. तू म्हणालीस, "तुझ्या त्या उंदरांवर बघ एकदा. पण आई करायची तसंच कर हं, रसातच दे." तुला तेव्हाच संशय आला होता का गं? मी विचारलं नाही. घरच्या औषधाला प्रयोगशाळेचं दार उघडतेय याच तोऱ्यात मी होते.

आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण घोळ इथेच आहे. उंदराच्या मागच्या पंजात एक इंजेक्शन दिलं की तिथे सूज येते आणि कित्येक दिवस राहते. घोट्यावर शाईची रेघ ओढायची, त्या रेघेपर्यंत पंजा पाण्याच्या नळीत बुडवायचा, आणि पाणी किती चढलं ते वाचायचं. जास्त चढलं तर जास्त सूज. इतकं सोपं. उंदरांचे गट करायचे. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला औषध सोडून बाकी सगळं तेच द्यायचं, म्हणजे जो फरक पडेल तो औषधाचाच. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि मी तो अगदी आज्ञाधारकपणे गिरवला. आठ उंदरांना रसात कालवलेली मुळी, आठ उंदरांना नुसता रस. अर्जात खरं तर तिसराही गट होता, नुसत्या पाण्यावरचे आठ. पण आमच्याकडे एक समिती असते. गरजेपेक्षा एकही प्राणी जास्त वापरायचा नाही यावर तिची करडी नजर, आणि ती असायलाच हवी. त्यांनी विचारलं, हे आठ कशाला? मी म्हटलं, त्यांच्यावाचून तसं काही अडत नाही, आणि खोडून टाकले. आठ जीव वाचवले म्हणून समितीच्या अध्यक्षांनी माझं कौतुकही केलं.

निकाल तुला माहीत आहे. दोन्ही गट सारखे. मुळी दिली काय, न दिली काय, सूज तेवढीच. यात एक गोष्ट खटकायला हवी होती. दोन्ही गटांत सूज नेहमीपेक्षा बरीच कमी होती. मला ती दिसली, दिसली नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, इंजेक्शनची बाटली जुनी झाली असेल, आणि बाटली फेकून दिली. आमच्या प्राणीघरात एक काका आहेत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, उंदीर हाताळणं, तीस वर्षं हेच काम. उंदराला मानेमागून असं अलगद उचलतात की उंदराला वाटावं आपणच चढलो. ते मला म्हणाले होते, "मॅडम, यावेळचे सगळेच चौथ्या दिवशी मागच्या पायांवर उभे राहून पाणी पितायत. इतक्या लवकर कधी राहत नाहीत." पाण्याची बाटली उंच टांगलेली असते, पंजा ठणकत असला की उंदीर उभा राहत नाही, चाटायचं टाळतो. काकांनी उत्तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, काका, तुम्ही पिंजरे बघा, निष्कर्ष मी बघते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग सुट्टीत घरी येऊन मी तुला समोरच्या खोलीत बसवून सांगितलं की औषधातच काही नाही, तर हाताला गुण कुठून येणार, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. अगं, खरंच सांगते, मला वाटलं मी तुला मोकळं करतेय. तुझा चेहरा उतरत गेला तरी माझं आपलं आकडे दाखवणं चालूच. पलीकडे आई पडून होती, दार उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि त्या दिवसापासून ती औषधाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तू देशील ती पूड पाण्याबरोबर मुकाट घ्यायची. रस परत आलाच नाही, कारण माझ्या कागदावर लिहिलं होतं की कशानंच काही होत नाही. हिवाळा संपता संपता ती गेली. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस, आणि मी मनाशी म्हणत राहिले की ताईला सत्य पचत नाही.

या वर्षी एका वेगळ्याच झाडाच्या सालीवर काम करत होते. या वेळी नुसत्या पाण्यावरचा गट घेतला होता. सातवा दिवस उजाडला तरी ते आठ उंदीर कोपऱ्यात पोटावर बसून. काका भुसा बदलता बदलता म्हणाले, "त्या मागच्या खेपेचे असे बसत नव्हते." एवढंच. मी पेन ठेवला. जुनी वही काढली. आठ गट, दहा गट, गेल्या कित्येक प्रयोगांतले पाण्यावरचे उंदीर शोधून त्यांच्या सुजेशेजारी तुझ्या त्या सोळा उंदरांची सूज मांडली. निम्मी! नुसत्या रसावरच्यांचीही निम्मी. ज्याला मी काहीच न देणं समजत होते, तेच औषध होतं. दोन्ही बाजूंना औषध देऊन मी फरक शोधत बसले होते. आठ उंदीर वाचवायला गेले आणि सोळा फुकट घालवले. समितीपुढे जाऊन मी हे याच शब्दांत कबूल केलं. अध्यक्षांनी या वेळी कौतुक केलं नाही, पण परवानगी दिली.

पाला तुझ्याकडे मागायचं तोंड नव्हतं. दादाला गाठलं. कुंपणाचा वेल कुणी ओरबाडला म्हणून तू शेजारणीशी दोन दिवस तोंड वाकडं करून होतीस ना? तो चोर दादा, आणि चोराची मालकीण मी. शेजारणीची माफी माझ्या वतीनं माग.

या वेळी चार गट केले. नुसतं पाणी, पाण्यात मुळी, नुसता रस, रसात मुळी. रस हिरवा, म्हणून पाण्यातही हिरवा रंग घातला आणि सिरिंजना काळी पट्टी चिकटवली. कुठल्या अक्षराच्या बाटलीत काय आहे ते आमच्या आकडेमोड बघणाऱ्या बाईंच्या कपाटात बंद पाकिटात. नळीनं औषध काका द्यायचे, पंजा मी मोजायचे, आणि आम्हा दोघांनाही काही माहीत नसायचं. एकवीस दिवस मी शहाण्यासारखी गप्प बसले. माझ्यासाठी हे किती अवघड आहे ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? पाकीट फोडलं त्या दुपारी काकांनाही टेबलाशी खुर्ची दिली. दहाव्या दिवशी पाण्यावरच्यांची सूज शंभर धरली, तर पाण्यात मुळी घेतलेल्यांची अठ्ठ्याण्णव. नुसत्या रसावर चोपन्न. रसात मुळी, त्रेपन्न. माझी डोंगरावरची लाडकी मुळी म्हणजे निव्वळ पीठ निघाली गं! आणि तुझा पाला हे आईचं औषध. जिला मी पाला-बाई म्हणून हिणवलं, ती घरातली खरी औषध करणारी होती. काका चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे उंदीर खरं बोलत होते." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर बिचारे खुर्चीसकट मागे सरकले.

आता माझ्यातली मास्तरीण बोलतेय ते ऐक. उंदराचा पंजा म्हणजे माणसाचा गुडघा नव्हे. त्या मात्रेत उंदरांची यकृतं आणि मूत्रपिंडं आम्ही तपासली, काही बिघडलेलं दिसलं नाही, पण म्हणून टोपलीभर रस कुणाला पाजू नकोस. आई देत होती तेवढंच माप, त्याहून थेंब जास्त नाही. पोटुशी बाई आली तर हात जोडून परत पाठव. डॉक्टरांच्या गोळ्या कुणालाही बंद करायला सांगू नकोस. पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर आमच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत. येणाऱ्या माणसांचे सांधे त्या मोजतील, रीतसर, लिहून. मनगटांसाठी मी एक हातानं फिरवायचं पिळणयंत्र आणतेय, आमच्याकडे साली पिळायला वापरतात तसलंच. तेव्हा खोली उघडी ठेव, आणि वेलाला पाणी घाल. वेल गेला तर मी पुन्हा कुठून आणायचा? मी अजून दुसरीकडे कुठे तो उगवलेला पाहिलेला नाही.

इथवर लिहिलं ते सगळं फोनवर सांगता आलं असतं, दहा मिनिटांत. तरी पत्र लिहिलं, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती तुझ्या एकटीच्या कानात सांगून भागणार नाही. आईनं तुझ्या हाताला गुण नाही म्हटलं, त्या दिवशी तिची बोटं सगळ्यात जास्त सुजली होती आणि घरात सगळे होते, दादा, वहिनी, मावशी. आईनं पेला तोंडाला लावला, पुन्हा पाण्याचीच चव लागली, आणि ती सगळ्यांदेखत तुझ्यावर बरसली, की चार पानं पिळायचा आळस केलास, माझी विद्या बुडवलीस. मावशीनंही री ओढली. तू एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलंस. मी दारात उभी होते, चहाचा कप हातात घेऊन. "ताईनं नाही, मी सांगितलं" एवढं म्हणायचं होतं. माझी नोकरी नवी होती, घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं, ते मला घालवायचं नव्हतं. मी चहाचा घोट घेतला. तू मान खाली घालून म्हणालीस, "चुकलं माझं." आणि त्यानंतर आजवर, मी औषधाला माती म्हटलं तेव्हाही, माझं नाव तू कुणापुढे घेतलं नाहीस. आईला खरं सांगायला माझ्याकडे अख्खा हिवाळा होता. तिला आता सांगता येत नाही. दादा, वहिनी आणि मावशी आहेत. येत्या रविवारी तिघांना बोलाव आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. रस सोडायला धाकटीनं सांगितलं होतं, ताईनं नाही. मावशीला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा हे वाक्य तिच्याजवळ बसून दोनदा वाच.

तुझीच, आणि तुझी क्षमा मागणारी,
धाकटी